माझी झोप तिच्या नावावर

फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस, पण कापू तरी नकोस. माझा नंबर दिसला की तुझा अंगठा कुठे जातो ते न कळण्याइतकी मी अजून बथ्थड झालेली नाही. तुझ्यामुळे या वयात, चौथीत सुटलेली शाळा पुन्हा भरवून पत्र लिहायला बसावं लागलंय. अक्षराला हसलास तर बघ.

चिरंजीवास आईचे आशीर्वाद. रागावले म्हणून त्यात काटछाट केलेली नाही. तुझी पाठ कशी आहे? सूनबाईचा खोकला गेला का, की अजून डॉक्टरला घाबरून घरीच खोकते? आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

मोठ्या शर्यतीआधी घरचं एक माणूस सोबत राहू देतात, म्हणून तूच मला या सराव शिबिरात तुझ्या लेकीजवळ पाठवलंस. इथे पोरी धावतात कमी आणि त्यांना मोजतात जास्त. तोंडाला मुसकं बांधून सरकत्या पट्ट्यावर पळवतात, कानाची पाळी टोचून रक्ताचा थेंब घेतात, घामसुद्धा तपासतात. (माझ्या जन्मात घामाची एवढी विचारपूस कोणी केली नाही.) हे सगळं पाहणारी एक शास्त्रवाली बाई आहे. चष्मा डोक्यावर ठेवून तो खोलीभर शोधते, पण पोरींच्या बाबतीत डोळा घारीचा. तिनं प्रत्येकीच्या मनगटाला घड्याळ बांधलंय. त्यात वेळ कमी आणि चहाड्या जास्त. कोण किती झोपलं, कोणाचं काळीज किती धडधडलं, सगळं बाईला जाऊन सांगतं.

तर झालं असं की दुपारी जेवणानंतर सगळ्या पोरींनी सक्तीनं आडवं व्हायचं. तुझी लेक रोज तिचं घड्याळ माझ्या मनगटाला बांधायची. म्हणायची, आजी, तू झोपतेस छान, जरा माझ्या नावावर झोप. मला वाटलं, मैत्रिणींबरोबर हुंदडायला जात असेल, जाऊ दे बिचारी. आणि खरं सांगायचं तर माझ्या झोपेचा कोणाला उपयोग झाला हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. (तुझे वडील तर माझ्या घोरण्यावर उठून बाहेर जाऊन बसत.) मी मन लावून झोपले. पळायला शिकवणाऱ्या शिक्षकांनी सगळ्यांसमोर तिच्या विश्रांतीचं कौतुक केलं, तेव्हा मला उगाच मान ताठ करावीशी वाटली.

मग एका दुपारी ती बाई धापा टाकत आली, मागे शिक्षक. घड्याळानं कळवलं होतं की या मुलीचं काळीज मध्येच ठोका चुकवतंय. पोरगी तेवढ्यात बाहेरून आली, तिला खाटेवर निजवलं, छातीला वायरी चिकटवल्या. काळीज अगदी ठणठणीत. बाई चक्रावली. हे घड्याळ दुपारी नक्की कोणाच्या हातात असतं, म्हणाली. मी हात पुढे केला. काय करणार, काळीज माझंच होतं! शिक्षक भिंतीकडे तोंड करून हसले. बाईसुद्धा हसली. पोरगी खाटेवरून उतरली आणि बाईचं हसू जागच्या जागी थांबलं. पोरीनं डावा पाय जमिनीला टेकवलाच नव्हता.

हुंदडायला नव्हती जात ती. मागच्या रस्त्यावर धावायला जात होती, कारण विश्रांती हरणाऱ्यांनी घ्यायची असं तू तिला फोनवर सांगितलं होतंस. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेलीय. मग बाईनं पाळीचं विचारलं. पोरीनं माझ्याकडे बघत सांगून टाकलं. कितीतरी महिने आलेली नाही. सूनबाईला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं, आणि बरं झालं, सरावात खोळंबा नको, असं तू म्हणालास. (सूनबाईवर ओरडू नकोस. मी विचारलं, तिनं रडत सांगितलं.) बाईनं मला अडाण्याला सांगावं तसं नीट सांगितलं. धावणं एवढं आणि खाणं चिमणीचं, मग शरीर एकेक दिवा मालवत जातं. आधी पाळी, मग हाडं. तुझ्या लेकीची हाडं म्हातारीसारखी झालीत म्हणे. म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या, घड्याळ कुठल्याही मनगटाला बांधा.

उपाय आहे. पोटभर खायचं, पाण्यात चालायचं, हाड सांधेपर्यंत पळायचं नाही. ही शर्यत सोडली तर पुढच्या कित्येक धावेल, बाई म्हणते. नाही सोडली तर हाड मैदानातच मोडेल. बाईनं तुलाही हेच सांगितलं तेव्हा तू म्हणालास, तुमची यंत्रं शर्यती जिंकत नाहीत, तिला एकदा धावू द्या, मग काय मोडायचं ते मोडू दे. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता. पोरगी समोर बसली होती. रडली नाही. बुटाच्या नाड्या काढून पुन्हा ओवत बसली.

शर्यत येत्या रविवारी आहे. नाव काढायचं का, असं शिक्षक रोज विचारतात, आणि ती रोज म्हणते, बाबांना विचारून सांगते. मग फोन उशाशी घेऊन बसते. तू कामात असशील, असं मी सांगते. आता माझ्याच्यानं ते सांगवत नाही. इथून भाजीची गाडी तुमच्या गावाकडे येते, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय. तू येऊ नकोस. तुझं तोंड बघायची मला हौस नाही.

तुझी आई

ता. क. वाचून फाडू नकोस, सूनबाईला दे.

ता. क. आणखी एक. त्या वायरी बाईनं नंतर मलाही लावल्या. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. मला दवाखान्यात राहायला हवं म्हणते. पोरीला एकटी टाकून मी जाणार नाही, म्हणून वर येऊ नकोस लिहिलंय ते खोड आणि ये. माझं तिला कळता कामा नये.

ता. क. उत्तर मला नको. तिला लिही, आजच, याच ड्रायव्हरच्या हाती, थांब एवढंच. आणि ते तूच लिहायचंस. सूनबाईला लिहायला लावू नकोस, पोरगी तिचं अक्षर ओळखते.