झाडाला आधी सांगावं लागतं

आई,

इथूनच वाकून तुझ्या पाया पडतो. मी ठीक आहे. खोकला गेला, खोलीत ऊनही येतं. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा नीट जेवतात का?

आमच्या वर्कशॉपमध्ये लाकडी फुलं यंत्रावरच निघतात, आम्ही नुसती घासतो. मुकादम म्हणाला, "स्वतःचं काहीतरी कोरून आण, प्रदर्शनात ठेवू." दोन महिने पटाशी धरून बसलो, पण हात चालेना. चांगल्या लाकडाची माती केली.

गेल्या आठवड्यात वाऱ्याने आवारातलं झाड पडलं. तेव्हा आजोबांपासूनची आपली रीत आठवली. झाड तोडण्याच्या आदल्या दिवशी बाबा खोडावर हात ठेवून सांगायचे, "उद्या येतो, तयार राहा." मीही लाज सोडून तसंच सांगितलं. पडलेल्या झाडाला काय सांगतोस म्हणून सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी पटाशी अशी चालली, जणू बाबांनीच मनगट धरलं होतं. लाकडातून त्यांचाच हात बाहेर आला, खोडावर टेकलेला, वाकड्या करंगळीसकट.

मुकादम खूश आहे. मला मात्र त्या हाताकडे बघवत नाही.

मी गेल्यापासून बाबांनी पटाशीला हात लावला नाही, असं ताईने कळवलंय. माझं नावही काढत नाहीत म्हणे. हे पत्र त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाच. ऐकतायत असं दाखवणार नाहीत, तरी वाच.

झाडालासुद्धा आदल्या दिवशी सांगावं, हे ज्यांनी शिकवलं, त्यांना मी "उद्या निघतो" एवढंही सांगितलं नव्हतं.

तुझा धाकटा