पूर्वेकडे बघणारा कोंबडा

९ जून
आजही पूर्व! गच्चीवरचा पत्र्याचा कोंबडा सलग नवव्या दिवशी तिकडेच चोच करून. चोच जिकडे, वारा तिकडून. पूर्वेचा वारा म्हणजे वऱ्हाडात पाऊस; पश्चिमेचा जोरात सुटला की ढग नुसते पळतात. हे पंचवीस वर्षं रोज साडेआठला वर जाऊन नोंद करायचे. दिवाळीत हे गेले, वही बंद पडली. ह्यांना 'सर' म्हणणारे त्यांचे दोस्त इनायतुल्लाभाई वारा सांगा म्हणून निरोपावर निरोप धाडत मागेच लागले, म्हणून एक जूनपासून मी जाते.

आज त्यांचा फोन आलाच. "भाबी, वारा कुठून?" त्यांची संत्र्याची बाग ताणावर आहे — मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलं धरावीत म्हणून, महिनाभर पाणी तोडलंय. विहिरीत एकदाच पुरेल इतकं पाणी. पाऊस येणार असेल तर ते राखायचं. नसेल तर लगेच द्यायचं, नाहीतर झाडं वाळतात. चारशे झाडं! म्हटलं, पूर्व आहे, थांबा.

"बरं भाबी, थांबतो."

११ जून
पूर्व.

१३ जून
विचित्रच. शेजारच्या लीलाबाईंची लुगडी दोरीवर पूर्वेकडे उडत होती — म्हणजे वारा पश्चिमेचा! कोंबडा मात्र पूर्वेलाच. ह्यांचं सांगणं आठवलं: "खालचा वारा घरांना आपटून फिरतो. त्याचं ऐकू नको, वरचं बघ." वरचं बघितलं. पूर्व लिहिलं.

ढग डोक्यावरून चालले होते. खाली मान घालून, कोणाशी न बोलता.

१६ जून
एवढा वारा की गच्चीचं दार हातातून सुटलं. कोंबडा जागचा हलला नाही! आवाजसुद्धा नाही. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा उभा. मी मोठ्यानं म्हटलं, "तुम्ही धरून बसलात का हो?" आणि घाबरून खाली आले. जन्मभर भूगोल शिकवलेली बाई मी!

वही चाळली. माझा 'पूर्व' कुठला आणि ह्यांचा कुठला, ओळखू येईना. माझा 'पू' त्यांच्यासारखा वळायला लागलाय.

इनायतुल्लाभाईंना तरीही पूर्वच सांगितलं.

१८ जून
लीलाबाई म्हणाल्या, "सिंधूताई, पूर्वेचा वारा हाये म्हनता, मंग माये लुगडे कावून तिकडे उडून राह्यले?" स्टूल घेऊन वर चढले, कोंबड्याला हात लावला. वळेना! गंजून बसलाय.

ह्यांच्या जुन्या वह्या काढल्या. दर पाडव्याच्या पानावर कोपऱ्यात एकच शब्द — तेल. मला कधी सांगितलंच नाही हो.

तेल सोडलं. थोड्या वेळानं किर्र करून फिरला. चोच पश्चिमेला. पाऊस नाहीच येणार. चारशे झाडं मी मारली. फोनवर सांगायची हिंमत नाही. उद्या समोर जाऊन सांगायचं.

१९ जून
सकाळीच चांदूर बाजारची एसटी धरली. बागेत पाय टाकला तर झाडांभोवतीच्या आळ्यांत पाणी मुरल्याच्या खुणा. फांद्यांवर हिरवे कोंब.

इनायतुल्लाभाई खाली बघत म्हणाले, "पानी तं मी नऊ तारखेलेच देल्लं, भाबी. तुमी थांबा म्हटलं त्याच दिवशी. वारा मलेबी समजते. पन सर गेल्यावर तुमी दार उघडत नव्हत्या, फोन उचलत नव्हत्या. वारा इचारला तं उचलला."