नावापुढे ‘जुनी’

मामाजी, काल दुपारी दुकानातल्या तुमच्या कम्प्युटरवर मराठी अक्षरं फुटायला लागली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात त्याला अजून ‘मामाजींचा कम्प्युटर’च म्हणतात. लग्नपत्रिका आता माझी सूनबाई, तुमची नातसून, तिच्या लॅपटॉपवर करते. मी त्याच्यावर फक्त तुमची राहिलेली भजनाची पोथी पुरी करते आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायांना दुकानात बसवून, चहा पाजून, त्यांच्या तोंडून ऐकून तुम्ही जी भजनं वहीत उतरवली, ती म्हणणारी एकही बाई आता उरली नाही. आणि वहीवरून टाईप केलेली पानं त्या जुन्या मराठीच्या प्रोग्रामशिवाय कुठंच वाचता येत नाहीत. लॅपटॉपवर नेली की इंग्रजी चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. देवीच्या मंदिरातल्या बाया या नवरात्रात पोथीची वाट पाहत आहेत. त्यामुळे अक्षरं फुटलेली दिसताच मी आधी सूनबाईला हाक मारली.

“आई, किती दिवस सांभाळसान हा डबा?” सूनबाई म्हणाली. “भंगारवाला दारावरूनच जाऊन राह्यला, देऊन टाका.”

“त्याच्या गाड्यावर आधी मले बसव, मंग डबा ठेव,” मी म्हटलं. ती हसली, पण स्टूल ओढून जवळ येऊन बसली.

तुमच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली प्रोग्रामची सीडी मी ड्रॉवरमधून काढली. एक फाईल बिघडली होती, ती सीडीवरून घेऊन त्याच जागी ठेवायची, काम एवढंच. पण कम्प्युटर ऐकेना. ही फाईल वापरात आहे, बदलता येणार नाही, एवढंच सांगत राहिला. सगळं बंद करून पाहिलं तरी तेच. तो प्रोग्राम कम्प्युटरबरोबरच जागा होतो आणि शेवटपर्यंत ती फाईल मुठीत धरून बसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. सूनबाईचा हात बटणाकडे गेला. “दाबून बंदच करून टाकू का?” मी तिचं मनगट धरलं. कारण ती चूक या घरात एकदा झालेली आहे, आणि ती माझ्या हातून झालेली आहे.

तुमची सून होऊन आले तेव्हा “मॅट्रिक झालेली पोरगी नुसती चुलीपाशी कायले बसवता?” असं म्हणून तुम्हीच मला दुकानात आणलं. त्या दिवशी तुम्ही कागद आणायला चिखलीला गेलेले आहात. समोर बाकावर एका नवरीचा बाप पत्रिकेसाठी बसलेला आहे. मी अशीच एक फाईल बदलायला जाते, कम्प्युटर नाही म्हणतो, मी पुन्हा करते, तो पुन्हा नाही म्हणतो. मला वाटतं, हा हट्टाला पेटला. मी वायरच ओढते. नंतर तो सुरूच होत नाही. तुम्ही येता, पाहता, ओरडत नाही. बाकावरच्या माणसासमोरच विचारता, “काऊन बाई, नवरात्रात घरी अखंड दिवा असते. त्याची वात सरत आली तं तू काय करतं? फुंकर मारून नवी घालतं का?”

मी म्हणते, “नाही मामाजी. त्याच्यावरून दुसरा दिवा लावून बाजूले ठेवतो. मंग जुनी वात काढतो.”

“हे काही मॅट्रिकच्या पुस्तकात नव्हतं, तरी तुले येते. मंग इथंच कशी विसरली?”

त्या बोलण्यानं मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी तुम्ही शेजारी बसवून शिकवलं. वापरातली फाईल तो पुसू देत नाही, तिच्यावर दुसरी ठेवू देत नाही, पण नाव मात्र बदलू देतो. तिच्या नावापुढे ‘जुनी’ लिही. मूळ नाव मोकळं झालं की त्या नावानं नवी शेजारी ठेव. तोवर त्याचं काम जुनीवरच चालू राहते. नीट बंद करून पुन्हा सुरू केला, की तो नाव शोधतो आणि नवी उचलतो. “आणि जुनी लगेच पुसू नको,” तुम्ही म्हणाले. “नवी निभते का पाह्य आधी.”

काल मी तेच केलं. नावापुढे ‘जुनी’ लिहिलं तेव्हा सूनबाईनं चटकन माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. कम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि तुमची अक्षरं सगळी शाबूत आली, काना, मात्रा, वेलांटीसकट. मी पडद्याला हात जोडले.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते लिहिते. शेवटची दोन वर्षं तुमचा हात थरथरायचा. एका ओळीत चार अक्षरं भलतीच पडायची, कधी अख्खं कडवंच सुटायचं. पण “हात थांबला का माणूस थांबला,” असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मग तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं? तुमच्या डोळ्यांदेखत पान दुरुस्त करणं मला जमलं नाही. मी सकाळी, तुमची पूजा आटोपायच्या आत, दुकान उघडायची. तुमच्या पानाची नक्कल करून ती भजनाच्या वहीत पाहून नीट करायची, तुमच्या पानाच्या नावापुढे ‘जुनी’ लिहायची आणि नीट केलेलं त्याच्या मूळ नावानं ठेवायची. तुम्ही कपाळाला गंध लावून यायचे, भिंग धरून वाचायचे. “पाह्य सूनबाई, अजून हात बरोबर चालते.” मी घाईनं होकार द्यायची, “हाव मामाजी.” तुमची ती चुकलेली पानं मी पुसली नाहीत. हिशेबाच्या वहीतसुद्धा मला खाडाखोड खपत नाही, पण ती पानं तशीच ठेवली. तो तुमचा हात होता.

काल अक्षरं तपासायला मी भजनांची सगळी पानं उघडली. तुमची ‘जुनी’ पानं होती. त्यांच्या खाली मी या वर्षात केलेली. आणि त्यांतल्याही काही नावांपुढे ‘जुनी’ होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. एक उघडून पाहिलं. पान माझंच, पण एक ओळ दोनदा, दुसरी गायब, बोटं शेजारच्या अक्षरांवर पडलेली. ‘जुनी’ नसलेलं पान मात्र स्वच्छ. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितला आहे. खर्च नको म्हणून मी पुढं ढकलते आहे. सूनबाई स्टुलावर खाली मान घालून माऊसची वायर बोटाला गुंडाळत होती.

मी पान बंद केलं. म्हटलं, “पाह्य, अजून हात बरोबर चालते माह्या.”

“हाव आई,” ती म्हणाली. मी म्हणायची तितक्याच घाईनं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला काही कळलं नाही. आज नवरात्राच्या वाती वळताना मी ते पुन्हा पुन्हा आठवते आहे, तुम्ही भिंग खाली ठेवून माझ्याकडे क्षणभर पाहायचे ते. हे पत्र मी सीडीबरोबर तुमच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवणार आहे. कुठं पाठवायचं असतं तरी पाठवलं नसतं. आणि डोळ्याचं काय ते नवरात्रानंतर पाहीन. तुम्हाला एवढंच कबूल करते मामाजी, ती ‘हाव’ म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.