फोटोतली टग

अण्णा, काल मी तुमच्याबद्दल पुन्हा खोटं बोलले. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला तळेगावहून पाहुणे आले होते. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर तुमचा नौदलाच्या गणवेशातला फोटो आहे. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे कुठल्या बोटीवर होते?" मी पोह्यांची डिश पुढे करत म्हणाले, "युद्धनौकेवर." तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, आजोबा टगवर होते ना? बोटी ओढणाऱ्या?" मी म्हटलं, "तू जरा चहाचं बघ." पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नसावं, पण खाई त्याला खवखवे. मला नंतर कुणाकडे सरळ बघता येईना.

तुमची टग मला पाठ आहे, हीच तर लाज. नौदलातून सुटून तुम्ही चाकणच्या कंपनीत क्रेनवर लागलात, तेव्हा आपण निगडीला राहत होतो. सुट्टीच्या दिवशी तुम्ही परातीत पाणी भरता, त्यात लाकडी चमचा सोडता, त्याला दोऱ्याने एक जड वाटी बांधता. चमचा म्हणजे टग, वाटी म्हणजे ओढायची बोट. दोरा चमच्याच्या टोकाला बांधला की चमचा वळतच नाही. मध्याजवळ बांधला की बोटाच्या धक्क्याने वळतो. "म्हणून दोर अडकवायचा आमचा हूक टगच्या मधोमध," तुम्ही सांगता. "आणि दोर आडवा ताणला गेला तर ओढणारीच उलटते. म्हणून हूक एका झटक्यात सुटला पाहिजे." आई परात मागत उभी असते, कणीक मळायची राहिलेली असते. अंग लहान, पण इंजिन दांडगं, पुढून उंच, मागून सपाट, अशी तुमची ती टग. तोफांच्या सरावासाठी ती लांब दोरावर नेम धरायची निशाणं ओढत न्यायची. इंजिन बंद पडलेली युद्धनौका तुम्ही वादळातून ओढत आणलीत, तेव्हा धक्क्यावर बँड वाजला तो त्या नौकेसाठी. तुम्ही हे हसत सांगायचात.

मला मात्र हसू यायचं नाही. आमच्या शाळेत ओढून नेणारं म्हणजे एकच माहीत होतं, चौकातल्या स्कूटरी उचलून नेणारी टोइंगची गाडी. वर्गातल्या मुली मला 'टोइंगवाल्याची पोरगी' म्हणायला लागल्या, तेव्हा मी तुम्हाला परस्पर युद्धनौकेवर चढवलं. मग एक दिवस एक मैत्रीण घरी आली. तुम्ही दाराशी बसून सायकलचं पंक्चर काढत होतात. तिने विचारलं, "काका, तुम्ही तोफ चालवायचात?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली मान घातली. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "हो, कधी कधी."

ती गेल्यावर तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुणी विचारलं तर मला आधी सांगून ठेव, बाळा. दोघांचं एकच पाहिजे." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्या खोट्याला दोर लावून उभा राहिला. त्यानंतर परातीत चमचा तुम्ही पुन्हा कधी सोडला नाहीत. तुमची टग भंगारात निघाल्याचा फोन आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिला न्यायलासुद्धा टगच लागली बघ." मी टीव्हीवरून नजर न काढता "हं" म्हटलं.

काल निघताना पाहुणे फोटोजवळ थांबले. "हात कशावर ठेवलाय यांनी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तोफेवर." तुमचा हात हुकावर आहे, अण्णा. फ्रेम करताना फोटोची ती बाजू मीच मागे दुमडली होती. आज सगळे कामावर गेल्यावर मी फ्रेम उघडली आणि फोटो सरळ केला. हूक आहे, मागे सपाट डेक आहे, आणि हुकावर तुमचा हात आहे, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

रविवारी पाहुणे पुन्हा येणार आहेत. मी फोटो परत दुमडला. हा कागद त्याच्या मागे घालून फ्रेम बंद करते आहे. घडी तुमच्या मनगटावर येते.