आज नाच आहे का?

सांगली, १२ ऑक्टोबर २०२४

गं. भा. सुमेधा हिस, मालिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या अभिरामने कळवलं की खालच्या मजल्यावरच्या पोर्तुगीज बाईबरोबर तू दर शनिवारी बसने तिथल्या झुइडओस्ट भागातल्या कुठल्याशा नाचाच्या हॉलवर जातेस, आणि तिची भाषाही शिकते आहेस. श्रीनिवासला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. माझ्या भावाची बायको परमुलखात नाचते, हे इथे कळलं तर मी तोंड कुठे लपवू? गुडघे दुखतात म्हणायचीस, ते नाचायला बरे चालतात!

आशीर्वाद आहेतच, ते घेण्याजोगं वाग.

मालिनी


उइटहॉर्न, २७ ऑक्टोबर २०२४

ती. वन्संना, सुमेधाचा सा. न.

पाकिटावरचं ‘गं. भा.’ इथल्या पोस्टमनला कळलं नाही, मला कळलं. यापुढे नुसतं सुमेधा लिहा.

तुमचं पत्र काल आलं आणि कालच संध्याकाळी मी पुन्हा गेले. खालच्या मजल्यावरच्या इनेसला ताप होता, म्हणून एकटीच. दारावरचा नवा माणूस माझी साडी बघून इंग्रजीत म्हणाला, इथे भारतीय कार्यक्रम नाही. मी इनेसने शिकवलेलं पोर्तुगीज काढलं आणि विचारलं, ‘ओझ आ मुझिका?’ म्हणजे आज गाणं आहे का? तो चपापला, मग आहे म्हणाला. नाच आहे का, तेही विचारलं. तोही होता. त्याने मला भिंतीकडची खुर्ची दाखवली. मी बसायला आलेली नाही, हे पोर्तुगीजमध्ये सांगता येईना, म्हणून सरळ मधोमध जाऊन उभी राहिले.

वन्सं, तुमच्या भावाला गाणं खपत नसे, म्हणून मी घरात कधी रेडिओ लावला नाही. ते गेल्याचं दुःख मला आहे. ते कसं करायचं, हे मात्र मी ठरवीन. वर्षश्राद्धाला येईन, खीर-वडे मीच करीन. पण शनिवार सोडणार नाही. गुडघे दुखतात. दुखू देत.

रागाच्या भरात लोभ आवरता घेऊ नका.

सुमेधा


उइटहॉर्न, १० नोव्हेंबर २०२४

ती. मालूआत्यास, अभिरामचा शि. सा. न.

काल आईला आणायला त्या हॉलवर गेलो. खरं तर भांडायलाच. माझी आई आत आहे का, असं विचारताच दारावरच्या माणसाने विचारलं, कोण, दोना सुमेधा? (दोना म्हणजे बाईसाहेब.) आणि कौतुकाने मला आत नेलं. आई एका केप व्हर्देच्या आजोबांबरोबर नाचत होती. ताल चुकत होता आणि ती खदखदून हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी चल म्हटलं, तर म्हणाली, अजून दोन गाणी आहेत. थांबायचं तर थांब, नाहीतर मला बस मिळते. मी थांबलो. शेवटच्या गाण्याला तिने मला हाताला धरून मध्ये ओढलं. बाबांना आवडलं नसतं. तरी मी मध्ये गेलो.

आता रागवायचं असेल तर आम्हा दोघांवर रागाव.

तुझा,
अभिराम