मखमलाबादची मखमली

प्रिय भाऊ बहादूर,

सगळ्यात आधी धावत आली ती पुष्पा. तीच रे, विहिरीपलीकडच्या बंगल्यातली, जी तुझ्या शिट्टीवरून तुझ्याशी भांडायची. मी वावरात शेवंती खुडत होते. ही बांधावरूनच ओरडते, "सुभद्राबाई, चला लवकर! स्वेटरवाले नेपाळी आलेत. दारावर आलेत म्हणजे स्वस्तात देतील, सीबीएस स्टँडपर्यंत जायला नको."

माघातली थंडी तुला माहीतच आहे. मला कानटोपी हवीच होती. तशीच ओटीत फुलं घेऊन निघाले. आणि काय सांगू तुला, त्या कानटोपीपायी आज मी हे लिहायला बसले आहे. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, वेलांटी कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ ते देवाला माहीत. तू समजून घे. तुला मराठी वाचता येत नव्हतं, पण आता तू जिथं आहेस तिथं सगळंच येत असेल.

मी पोचले तोवर पुष्पाने एका पोरीच्या अंगावरच्या शालीचं टोक धरलं होतं. "ये कितने को दिया? जास्ती बोलना नहीं हां, मैं हर साल लेती हूँ."

"माँजी, ये तो मेरी अपनी है."

"सगळे असंच म्हणतात!"

पोरगी बावीस-तेवीसची. पाठीला बाळ बांधलेलं. बरोबर नवरा, गरीब चेहऱ्याचा, हातात कापडी पिशवी. पोरीने शाल सोडवून घेतली नि विचारलं, "यहाँ खिमलाल नाम के चौकीदार रहते थे क्या?"

पुष्पा म्हणाली, "खिमलाल? नाय बाई. असलं नावच नाय हितं. पुढच्या कॉलनीत बघा."

मीही नाही म्हणून मान हलवली. खिमलाल! मी जन्मात हे नाव ऐकलं नव्हतं. ती दोघं वळली. फाटकाबाहेर गेलीसुद्धा! आणि तेवढ्यात माझी नजर त्या कापडी पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडातून एक माळ बाहेर लोंबत होती. जांभळी. बटणाएवढी फुलं, कडक, वाळलेली, पण रंग असा की आत्ताच तोडलीत.

बहादूर, माझ्या ओटीतली सगळी शेवंती खाली सांडली.

तुला आठवतं का रे? तू पहिल्यांदा आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहायला आलास, त्या दिवाळीत मी म्हटलं, उद्या भाऊबीज, ओवाळून घ्यायला ये. तू हरखलास. "दिदी, हमारे यहाँ भी यही होता है, भाईटीका. लेकिन मखमली की माला चाहिए." आणि कोणीतरी तुला सांगितलं, इथून पुढं मखमलाबाद आहे. मग काय! सकाळीच निघालास. अख्खं गाव पालथं घातलंस. कोणी झेंडू दाखवला, कोणी गलांडा दाखवला, एकाने तर तुला मखमल घ्यायला कापडाच्या दुकानात पाठवलं! दुपारी परत आलास ते असा रागावून. "दिदी, नाम मखमलाबाद और मखमली एक भी नहीं! ये कैसा गाँव है?" मी इतकी हसले की ओवाळताना ताटातलं निरांजन विझलं. मग तू बोटांनी करून दाखवलंस, एवढं एवढं असतं, जांभळं, वर्षानुवर्षं सुकत नाही, म्हणून बहिणी तेच घालतात भावाच्या गळ्यात. दर भाऊबीजेला मी झेंडूचा हार घालायचे आणि तू दरवेळी म्हणायचास, "ठीक है, लेकिन मखमली नहीं है."

तर मी धावले. या वयात, अनवाणी. रस्त्यावर जाऊन त्या पोरीचा हात धरला. "तू सिर्जना का गं? बहादूरची सिर्जना?"

ती म्हणाली, "आपको मेरा नाम कैसे मालूम?"

कैसे मालूम म्हणते! अगं बाई, या वावरातल्या मोटारीला सुद्धा तुझं नाव पाठ आहे, म्हटलं.

आली रे, बहादूर. तुझी पोरगी आली. जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तुझी नात तिच्या पाठीवर झोपली होती. नाक अगदी तुझं, बसकं.

पण तुझ्यावर मला रागही आला, सांगून ठेवते. इतकी वर्षं मी बहादूर म्हणून हाक मारली, कॉलनीने मारली, आणि तू गुमान ओ दिलीस! एकदा तरी सांगायचंस की मी खिमलाल आहे म्हणून. पोरगी हसून म्हणाली, आपल्याकडे राखणदार म्हटला की तो बहादूरच, तिकडे बरेलीला तिच्या नवऱ्यालाही सगळे बहादूरच म्हणतात. त्याचं नाव सुद्धा वेगळंच आहे. मी पत्राला प्रिय खिमलाल लिहिणार होते, पण मला वाटलं भलत्याच माणसाला पत्र जाईल.

हो, बरेलीला! ऐकून तू कपाळाला हात लावशील. तुमच्या डोंगरात ते बंदूकवाले घरटी एक माणूस मागायला लागले, तेव्हा तुझ्या बहिणीने पोरीला सरहद्द ओलांडून अलीकडे पाठवलं. ती वीटभट्टीवर राहिली, तिथंच लग्न झालं. आणि तू? तुझ्या राजाने तिकडचे सगळे फोन बंद केले होते ना, दोन वर्षांमागच्या त्या माघात तू रोज त्या एसटीडी बूथवर जाऊन नंबर फिरवत उभा राहायचास. बूथवाला म्हणायचा, "बहादूर, आज भी नहीं लगेगा," आणि तू म्हणायचास, "एक बार और." फोन पुढं सुरू झाले, पण गावातला फोन कोणी उचलेना. आणि पोरगी आपल्याच देशात! आगगाडीने उठून जाता आलं असतं. असं का झालं असेल रे? कोणाला विचारायचं?

तू खाट सुद्धा रस्त्याकडे तोंड करून टाकायचास. मला काय कळत नव्हतं का?

तू गेल्या साली पौषात गेलास. त्यानंतर मी बातम्या बघायला लागले. आधी मी कधी बघत नसे, तुला ठाऊक आहे. आमच्या रामाला म्हणायचे, लाव रे जरा नेपाळचं. चैत्रात बघते तर काय, काठमांडूचे रस्ते माणसांनी भरलेले! संचारबंदी असताना बाया, म्हातारे, सगळे रस्त्यावर. टायर जळतायत, पोलीस लाठ्या घालतायत, आणि माणसं हटत नाहीत. मी रामाला विचारलं, "हे आपल्या बहादूरचं गाव का?" तो म्हणाला, "नाही गं आई, त्याचं गाव लांब पश्चिमेला, डोंगरात." तरी मी प्रत्येक पोरीचं तोंड निरखून बघायचे. मग राजा टीव्हीवर आला, पडेल चेहऱ्याने, आणि लोकांचं राज्य लोकांना परत देतो म्हणाला. मी सुनेला, मंगलला, शिरा करायला लावला. ती म्हणते, "आई, आपला काय संबंध?" म्हटलं, तू रवा भाज.

पावसाळ्यात त्या बंदूकवाल्यांचे जंगलातले पुढारी शहरात येऊन सरकारशी बोलायला बसले. रामा म्हणायचा, जमतं की मोडतं बघू. दिवाळी झाली, भाऊबीजेला मी तुझ्या फोटोला ओवाळलं, अन् थोड्याच दिवसांनी दोघांनी कागदावर सह्या केल्या. दहा वर्षांची मारामारी संपली, बंदुका कुलपात घालणार म्हणे. मला तर रडूच फुटलं. एवढी वर्षं थांबलास, अजून एक वर्ष थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

सह्या झाल्या आणि पोरगी गावी गेली. तिथं तिला भेटला तुमच्या गावचा तो, निफाडला द्राक्षबागेवर राखणीला असतो. तुझ्याकडे चहाला यायचा, तोच. त्यानेच तिला सांगितलं की बाप गेला, आणि पत्ता दिला, मखमलाबाद रस्ता, पाण्याची टाकी. तुझी खोली दाखवली तर पोरगी उंबऱ्यातच बसली. तिथूनच विचारते, "आखिर में बाबा के पास कोई था?"

हेच विचारायला आली होती ती, एवढ्या लांबून. बाप परक्या गावात बेवारशासारखा गेला का, एवढंच तिच्या मनाला खात होतं.

मी तिला रामासमोर उभी केली. म्हटलं, याने अग्नी दिला. याने दाढीमिशी काढली, गोदावरीत अस्थी याने सोडल्या. शेवटी माझ्या हातचं पाणी प्यायला तुझा बाप, आणि पाणी पिऊन म्हणाला, दिदी, चाय अच्छी होती तो और अच्छा था. पोरगी रडता रडता जी हसली! म्हणाली, हे अगदी बाबांसारखंच आहे. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, बाळासकट. सबंध दुपार. मी पाय सुद्धा हलवला नाही, मुंग्या येऊन मेले.

आणि जेवायला बसल्यावरची गंमत! मंगलने वांग्याचं भरीत केलं होतं. पोरगी एक घास खाऊन म्हणते, "मिठो! मिठो!" मंगलने घाबरून ताटच उचललं, "आई, मीठ जास्त झालं!" मी आणि तुझी पोरगी हसून लोळलो. अगं, त्यांच्यात मिठो म्हणजे चवदार! मला ठाऊक होतं ना, तू पहिल्यांदा बोललास तेव्हा मीही तसंच ताट ओढलं होतं.

ती माळ तुझ्या बहिणीने पाठवली होती. दर भाईटीकेला ती तुझ्या नावाची माळ ओवून दाराला टांगते म्हणे, तू नसलास तरी. मी आपली समजत होते की तुझी बहीण मी एकटीच! जराशी जळले, खोटं कशाला बोलू. पण माळ तुझ्या फोटोला घातली आणि म्हटलं, घे बाबा, आता तरी तक्रार करू नकोस.

त्यातलं एक फूल मात्र मी पोरीला विचारून काढून घेतलं. चुरगाळलं तर आत बी निघालं, बारीक, कापसात गुंडाळल्यासारखं. फुलांत जन्म गेला माझा, मला काय ते कळतं. पुरचुंडी देव्हाऱ्यात ठेवली आहे. पावसाच्या तोंडावर तुझ्या खोलीला लागून वाफा करते. या दिवाळीला माळ माझ्या वावरातली असेल, तुला शब्द देते. मखमलाबादला मखमली नाही, असं आता कोणी म्हणायचं नाही.

काल रामा त्यांना नाशिकरोडला गाडीत बसवून आला. जाताना पुष्पाने पोरीच्या खांद्यावर नवी शाल घातली, आणि किंमत विचारली नाही. पुढच्या वेळी तुझ्या बहिणीलाही घेऊन येते म्हणाली सिर्जना. मी विचारलं, कधी? म्हणाली, भाऊबीजेला, दिदी.

बापाची दिदी ती तिचीही दिदीच! म्हटलं, ये बाई, भाऊबीजेला ये.

तुझी,
सुभद्रादिदी