पहिलं ‘नको’

दि. ३ सप्टेंबर

ती. आईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. मी बरी आहे, वेळेवर जेवते, डोक्याला तेल लावते. ही तीन उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

खोली चांगली आहे, पण नियम फार. खालच्या दाराशी कचऱ्याचे चार डबे आहेत आणि कुठल्या डब्यात काय टाकायचं यावर इथली माणसं देवधर्मासारखी ठाम असतात. परवा चहाचा चोथा चुकीच्या डब्यात गेला, तर शेजाऱ्यांनी तो पिशवीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून माझ्या दाराशी परत ठेवला. चिठ्ठीत ‘कृपया’ दोनदा होतं. त्यापेक्षा दार वाजवून चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. कपडे धुण्याचं यंत्र मला मंगळवारी चार ते सहा या वेळेत, आणि मंगळवारीच माझी दुपारपाळी. त्यामुळे खोलीभर ओले कपडे लोंबत असतात आणि मी त्यांच्यातून वाट काढत येरझारा घालते. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी केक पुढे केला. मी म्हटलं, नको नको, कशाला उगाच. त्यांनी लगेच बशीवर झाकण घातलं आणि बशी कपाटात! मी सकाळपासून उपाशी. त्या कपाटाकडे बघत अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

पण हे गमतीचं झालं. कामावर जरा बिनसलंय. आमच्या वृद्धनिवासात एक आजोबा आहेत, घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून मी त्यांना घड्याळजी म्हणते. ताटली पुढे केली की ‘नको’ म्हणतात. मी शेवटी कोणाची मुलगी! चमचा हातात घेतला, म्हटलं एक घास माझ्यासाठी, एक तुमच्या लेकीसाठी, अर्धा त्या खिडकीतल्या मांजरासाठी. आठवडाभर रोज ताटली रिकामी, मी खुशीत. सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे निवासाच्या मुख्य आहेत त्यांनी, बोलावून घेतलं. घड्याळजींनी तक्रार केली होती की ही नवी बाई माझं ऐकत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, या माणसाच्या हातात आता स्वतःचं असं थोडंच उरलंय, त्यात त्याचा नकार आहे, आणि तो तू रोज काढून घेतेस. मी म्हटलं, आमच्याकडे याला आग्रह म्हणतात. पण त्यांच्या भाषेत मला जो शब्द सापडला त्याचा अर्थ जबरदस्ती असा होतो, हे मला नंतर कळलं. मला पक्कं करायचं की नाही ते फेब्रुवारीत ठरणार, आणि माझ्या फायलीत आत्ताच एक कागद लागला. तेव्हापासून चैन नाही.

तुझ्या पत्राची वाट बघते. माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तरी चालेल.
तुझी,
भिंगरी


दि. १८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुन्हा चिडले. जेवू घातलं म्हणून तक्रार? आपल्या खानावळीत चौदा माणसं जेवतात, त्यातला एकही पहिल्या वेळी हो म्हणत नाही. ते बँकेतले कारकून ताटावर आडवा हात धरतात आणि बोटांत बरोबर फट ठेवतात. त्या फटीतूनच वाढायचं असतं. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं, हे तुझ्या मोठ्या बाईंना एकदा समजावून सांग. आणि तो चोथा परत करणारा शेजारी भेटला तर त्याला माझ्याकडे पाठव.

तरी पण त्यांच्या घरी त्यांचं ऐकावं. फायलीतला कागद वाढू देऊ नकोस.

एक लिहायचं राहिलं. गळ्याच्या डाव्या बाजूला बारीक गाठ होती, ती आता सुपारीएवढी झाली आहे. दादानं धरून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणतात काढून टाकू, चौदा डिसेंबरला. भूल देऊन करायचं, मग आठवडाभर दवाखान्यात. विशेष काही नाही. नंतर कधी कधी आवाज बसतो म्हणे, तर दादा म्हणाला घराला जरा विश्रांती मिळेल. तू येऊ नकोस हं. एवढं लांब, नवी नोकरी, त्यात हे प्रकरण. दादा-वहिनी आहेत. वहिनीला रजा मिळेलसं दिसतं, बघू.

जेवणाची आबाळ करू नकोस. इथली काळजी इथं ठेवून तिथं सुखात राहा, एवढंच मागणं.
तुझी,
आई


दि. ४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं आणि माझं कशात लक्ष लागेना. कामावर दोन ताटल्या फोडल्या, येताना बस चुकवली, चालत आले. डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा एकीलाच मिळते, मी आणि माझी एक सोबतीण अशा दोघी तिच्यावर डोळा ठेवून होतो, आणि दोन दिवसांत काय ते सांगायचं होतं. तुझं पत्र घेऊन बाकावर बसले आणि ते एकच वाक्य चार वेळा वाचलं. तू येऊ नकोस हं.

आई, आधीची मी असते तर तुझ्याशी भांडून निघाले असते. पण आता मी शिकलेय. घड्याळजींना मी आता एकदाच विचारते, नको म्हणाले की ताटली उचलते. पहिले दोन दिवस माझे हात शिवशिवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः हाक मारून सूप मागितलं, आणि मागताना त्यांची मान ताठ होती. तेव्हा पटलं की समोरचा म्हणतो ते खरं धरावं, त्यातच त्याचा मान आहे. तू मोकळेपणानं लिहिलंस, मीही मोकळेपणानं ऐकलं. रजा सोबतिणीला दिली, तिची बहीण बाळंत होणार आहे. मोठ्या बाईंना सांगितलं की माझ्या आईनंच नको म्हटलंय, तर त्यांनी माझा हात हातात घेतला. आल्यापासून पहिल्यांदाच त्या माझ्यावर खूश दिसल्या.

डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही. कळावे, आणि कळवावे.
तुझी शहाणी झालेली,
भिंगरी


दि. २० ऑक्टोबर

चि. मुलीस आशीर्वाद.

पत्र पावलं. रजा दिलीस ते चांगलं केलंस. तिच्या बहिणीची सुखरूप सुटका होवो.

इकडे सर्व क्षेम. डिसेंबरभर खानावळ बंद ठेवणार, माणसांना तसं सांगून टाकलं. मोठी पातेली घासून माळ्यावर टाकली. बरण्यांवर नावं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या, कुठली कोणाला द्यायची ते शोधत बसायला नको. तुझ्या कपाटाची किल्ली वहिनीकडे आहे.

तुझी समजूत माझ्यापेक्षा वाढली. आनंद आहे. हात दुखतो, फार लिहीत नाही.
आई


दि. २४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
दादाचे अ. आ.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा लिहितोय त्याअर्थी समजून घे.

आईनं नको लिहिलं आणि तू ते ऐकलंस? किती वेळा लिहिलं होतं, एकदाच ना? या घरात कोणी कधी पहिल्या वेळी हो म्हटल्याचं तुला आठवतं का? तुझं पत्र आलं त्या दिवसापासून खानावळीत ती ताटं वाढते आणि आत निघून जाते. कोणाला घ्या म्हणत नाही, उभी राहत नाही. बँकेतल्या कारकुनांनी मला बाहेर गाठून विचारलं की आमचं काही चुकलं का.

परवा मी म्हटलं, भिंगरीला बोलावून घेतो. तर माझ्या अंगावर आली, की तिनं विचार करून ठरवलंय, तिच्या पाठी लागायचं नाही. मग बराच वेळ त्याच बरण्या पुसत बसली. डॉक्टरांना तिनं एकच प्रश्न तीनदा विचारला, भुलीतून माणूस नक्की जागं होतं ना. ती घाबरली आहे. माझ्यापाशी बोलत नाही. माझा आग्रह तिथं चालत नाही, तुझा चालला असता. तुमच्या त्या घड्याळजींचं खूळ इथं आणू नकोस.

रागावलोय, पण तो राग तुझ्यापुरताच आणि या कागदापुरताच.
दादा


दि. ६ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच पुरेशी चिडले आहे, त्याच्यावर, तुझ्यावर, माझ्यावर. इकडे आग्रह केला म्हणून फायलीत कागद लागला, तिकडे केला नाही म्हणून बोलणी बसली. मी करू तरी काय? ओल्या कपड्यांखालून फेऱ्या मारून मारून पाय दुखले. आई, मला यायचं होतं गं. त्या बाकावर बसूनच मला यायचं होतं. तुझं ऐकलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आता लाज वाटते.

काल मोठ्या बाईंकडे जाऊन म्हटलं, मला जायला हवं. त्यांनी विचारलं, आईनं बोलावलंय का. मी म्हटलं, नको म्हणाली, पण त्याचा अर्थ ये असा आहे. मी ताट, आडवा हात, बोटांतली फट सगळं करून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की नकाराचा अर्थ तूच ठरवणार असशील, तर घड्याळजींच्या बाबतीत तू काहीच शिकली नाहीस. नियम असा आहे की पहिल्या वर्षात जादा रजा फक्त एका कारणानं मिळते: आजारी माणसानं स्वतः, स्वतःच्या सहीनं, जवळच्या माणसाला मागितलं पाहिजे. दादाचं पत्र चालत नाही. माझं तर नाहीच.

नोकरी सोडून मी उद्या निघू शकते. पण मग तू मला आणि स्वतःला आयुष्यभर बोल लावशील, हेही मला माहीत आहे. तेव्हा आता तूच लिहायचं. आई, मी तुला आग्रह करते आहे, हाताला धरून करते आहे. हवी असेन तर हवी म्हण. फट ठेवून हात आडवा धरू नकोस, इथल्यांना फट दिसत नाही. आणि खरंच नको असेन, तर तसंही लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

टपाल लवकर पोचो. उत्तर येईपर्यंत माझा जीव तुझ्याकडे ठेवलाय.
तुझी,
भिंगरी


दि. २० नोव्हेंबर

मोठ्या बाई यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र माझी मुलगी तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवील. मधलं काही गाळलं तर तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेलच, तिला खोटं जमत नाही.

मी खानावळ चालवते. एकतीस वर्षं लोकांना वाढलं, पण स्वतःसाठी काही मागितल्याचं आठवत नाही. आमच्या लहानपणी मागणाऱ्या मुलीला हावरी म्हणत, ते अंगात मुरलं. हे चौथं पत्र, आधीची तीन फाडली. पहिल्यात तुमची खुशाली विचारता विचारता मुद्दा राहून गेला. दुसऱ्यात मुलाची फार ओढाताण होईल असं लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं की मुलीची इच्छा असेल तर तिला येऊ द्यावं. तेही खोटंच. इच्छा माझी आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचंही असंच एक ऑपरेशन झालं होतं. आत नेताना ती मला म्हणाली, तू थांबू नकोस, मुलं शाळेतून येतील, घरी जा. मी नाही म्हटलं नाही, लगेच गेले. तिची भूल उतरलीच नाही. हे मी मुलांना कधी सांगितलेलं नाही, भिंगरीला ते आत्ता तुम्हाला वाचून दाखवतानाच कळेल. लोकांना इतका आग्रह का करते असं मला सगळे हसत विचारतात. त्या दिवसापासून कोणाचं पहिलं नको मला खरं वाटत नाही, म्हणून करते.

आणि तरी मुलीला मी तेच लिहिलं. ती चुकली नाही, मी चुकले.

मला भीती वाटते. चौदा तारखेला आत जाताना मला माझी मुलगी दाराशी हवी आहे, आणि बाहेर येईन तेव्हाही. तिला पाठवा.

ओळख नसताना मागते आहे, राग नसावा.
आपली,
भिंगरीची आई

ता. क. भिंगरे, ये.